दोन गाठी

वाल्पाराइसोच्या उत्तरेला, कड्याखालच्या बंदरावर
उजाडायच्या आत रुपेर्तो माकूळ आणून टाकतो
प्रयोगशाळेच्या ओट्यावर, ओल्या गोणपाटात.
माणसाच्या उंचीची, अजून रंग पालटणारी:
विटकरी, फिकी, पुन्हा विटकरी,
जणू काय नेसावं ते ठरत नाहीये.

डॉक्टर निबाल्दोंना तिच्यातलं फार काही नको असतं.
अंगरखा उभा चिरायचा, शाईची पिशवी न फोडता,
आणि आतल्या बाजूचा तो पांढुरका तंतू,
पेन्सिलीतल्या शिशाएवढा,
सुटा करायचा.
मी दिवा धरते. माझं नाव एदुविहिस,
पगार बाटल्या धुण्याचा.
तंतूची टोकं बांधायला दोरा माझ्याच शिवणाच्या डब्यातला,
निळा, नवऱ्याच्या सदऱ्यातून उरलेला.

मग तंतू ताटलीत. ताटलीत समुद्र,
मीच बादलीने भरून आणलेला, बर्फात ठेवून गार केलेला.
विजेचा चिमटा बसला की यंत्राच्या हिरव्या काचेवर
एक उंचवटा उठतो आणि पलीकडे जातो.
दर वेळी तेवढाच.
"पळ म्हणतोय तो," डॉक्टर सांगतात.
जन्मभर त्याला एवढंच म्हणायचं असतं:
अंग आवळ, पाणी फेक, पळ.

उरलेली माकूळ माझी.
लाकडी दांडक्याने बडवावी लागते, नाहीतर निव्वळ चामडं.
कांदा, लाल मिरचीची पूड, जिरं जरा जास्तच.
दुपारी एकला सगळे जेवलो,
रुपेर्तोने दोनदा घेतलं,
आणि शेजारच्या खोलीत तिचा तंतू
अजून म्हणत होता, पळ.

जेवणानंतर डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलं:
घटक म्हणजे ज्याच्यावाचून संपूर्णाचं अडतं.
चियानहून शिकायला आलेल्या हेराल्दोने
ते वहीत उतरवलं, खाली दोन रेघा ओढल्या.
फळा पुसताना मला वाटलं,
उलटं का नाही विचारत कुणी?
संपूर्णावाचून ज्याचं अडत नाही
त्याला काय म्हणायचं?
तिचे डोळे कधीच विझले.
तिन्ही हृदयं मी स्वतः मांजरांना घातली, मोजून.
आणि हा आपला निरोप पोचवतोय,
धाडणारं कुणी नाही, घेणारं कुणी नाही,
मधली वाट तेवढी शाबूत.

बहुधा त्याला कळलंच नसेल.
बाहेरचं पाणी खारट, आतलंही तितकंच.
मीठ तेच असलं तर घर सुटल्याचं
कसं कळावं एखाद्याला?

माझ्या हाताला तरी कुठे कळलंय.
दोन हिवाळे झाले,
पहाटे पाचला तो अजून
पावाचे दोन तुकडे कापतो.

संध्याकाळी सहा वीसला उंचवटा उठला नाही.
डॉक्टरांनी पुन्हा वीज दिली. मग जरा वाढवून.
मग वहीत वेळ लिहिली, चष्मा काढून डोळे चोळले.
हेराल्दो म्हणाला, "मेला."
"कोण?" डॉक्टरांनी विचारलं,
चिडून नव्हे, खरंच विचारावं तसं.
पोराने तोंड उघडलं, मिटलं.
खिडकीबाहेर रुपेर्तो होडीला उलथी घालून
तिच्या बुडाचे शिंपले खरवडत होता.
तो आवाज बराच वेळ येत राहिला.

ताटली माझ्याकडे आली धुवायला.
पाणी खिडकीतून खाली, जिथून आणलं तिथे.
तंतू बोट लागताच फाटला,
भिजल्या कागदासारखा.
दोरा मात्र मी ठेवून घेतला, दोन्ही तुकडे.
खिळ्याला वाळत घातलेत:
एवढ्याशा दोन गाठी, अजून घट्ट,
कशाभोवती ते आता दिसत नाही.